दहा अवतार, दहा गाणी: मुंबईच्या एका मेटल अल्बमची जन्मकथा

१/ १५ मार्च २०१७. मुंबईच्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ या हेवी मेटल बँडचा पाचवा स्टुडिओ अल्बम प्रकाशित झाला. अल्बमचे नाव ‘दशावतार’. गाणी दहा, आणि प्रत्येक गाणे विष्णूच्या एका अवतारावर. बँडच्या नावात असुर आणि अल्बमच्या नावात देव, ही विसंगती वरवरची आहे. त्यामागे सतरा वर्षांचा प्रवास आहे आणि महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील एक जुना प्रश्नही आहे: बाहेरून आलेली कला आपली केव्हा होते? हा थ्रेड त्या प्रश्नाचा मागोवा घेतो.

२/ प्रारंभ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरापासून करावा लागतो. टोनी आयोमी हा तरुण तेथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा हात तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. सैल तारेचा स्वर खाली उतरतो, जड होतो. मेटलच्या त्या घनगंभीर नादाला एका कामगाराच्या अपघाताचाही हातभार आहे.

३/ आयोमीच्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्याचे ध्वनिमुद्रण लंडनमध्ये साधारण एका दिवसात उरकले होते. इतिहासकार हेवी मेटलची सुरुवात बहुधा येथूनच मोजतात. हे संगीत कामगारांच्या मुलांनी, कारखान्यांच्या सावलीत, कारखान्याच्याच आवाजाशी नाते सांगत घडवले. मग ते भारतात आले तेव्हा येथील कारखान्यांच्या गावांत का रुजले नाही?

४/ मुंबईच्या परिघावर अशी गावे कमी नव्हती. कल्याणच्या पुढे तीन स्थानके पाहू. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिच्या बराकींत राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिला नवे नाव दिले. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर, आणि त्याच गावात काडेपेटीचा कारखाना, संरक्षण साहित्याचा कारखाना व रसायनउद्योग. त्यापुढे बदलापूर.

५/ भोंगा, पाळी, पत्रा, धूर. बर्मिंगहॅमचे सगळे साहित्य येथे हजर होते. तरीही या पट्ट्यातील कामगारांनी मेटल स्वीकारले नाही. कारण साधे आहे: त्यांच्याकडे स्वतःचे संगीत होते. भजनी मंडळे होती, शाहिरी होती, लेझीम होती. आणि मोठ्या आवाजाची, विजेवर चालणारी हौस भागवायला बेंजो होता. बुलबुलतरंगाला विजेची जोड देऊन, कर्ण्यांवर चढवून लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो मुंबई-ठाणे परिसरात घरोघरी परिचित आहे. तारेचे वाद्य, वीज आणि कान बधिर करणारा आवाज हे तिन्ही घटक येथे इलेक्ट्रिक गिटारची वाट पाहत थांबले नव्हते.

६/ म्हणून मुंबईत मेटल आले ते दुसऱ्या दाराने: इंग्रजी माध्यमाच्या शाळा, महाविद्यालयांचे महोत्सव, परदेशातून कुणीतरी आणलेल्या कॅसेटी, आणि त्या कॅसेटींच्या प्रतींच्या प्रती. इंग्लंडात जे कामगारांच्या मुलांचे संगीत होते, ते येथे प्रथम महाविद्यालयीन, इंग्रजी वाचणाऱ्या तरुणाचे संगीत झाले. इलेक्ट्रिक गिटार, ॲम्प्लिफायर आणि ड्रमचा संच विकत घेणे ही त्या काळी चैन होती. वर्ग उलटा झाला. या उलटापालटीचे परिणाम पुढच्या सगळ्या कथेत दिसतात.

७/ पहिली पायरी रॉकची. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. १९८८ मध्ये सीबीएस कंपनीने त्यांचा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला. त्या काळी परदेशी गाणी हुबेहूब वाजवणे हेच बँडचे कौशल्य मानले जाई. स्वतःची रचना ऐकवणे धाडस होते. हाच बँड १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. हे मेटल नव्हे, पण ‘स्वतःचे गाणे, स्वतःचा अल्बम’ ही कल्पना मुंबईत रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांना द्यावे लागते.

८/ दुसरी पायरी रंगभवन. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह. १९७८ मध्ये येथे ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. १९८६ पासून फरहाद वाडिया यांचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि ‘आय-रॉक’ या नावाने रंगभवन व तो हे समीकरणच झाले. भारतातील अनेक बँडना मोठ्या जनसमुदायापुढे उभे राहण्याची संधी याच रंगमंचाने दिली.

९/ नकाशावर रंगभवन कोठे आहे, हे महत्त्वाचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते चालण्याच्या अंतरावर. त्याच टर्मिनसपासून उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर. म्हणजे मध्य रेल्वेच्या टोकाला राहणाऱ्या मुलालाही एका लोकलच्या तिकिटात तेथे पोहोचता येत होते. परतीची शेवटची गाडी मात्र चुकवून चालणार नव्हते. मुंबईच्या सांस्कृतिक जीवनाला लोकलचे वेळापत्रक नेहमीच ताल देत आले आहे. नाटकाला जो ताल, तोच मेटलला.

१०/ मग सन २००० उजाडले. त्या वर्षी केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून ठरवण्याची त्यात तरतूद होती. रंगभवनाच्या एका बाजूला महाविद्यालय, जवळच रुग्णालये. पुढच्या काही वर्षांत तेथील ध्वनिवर्धकांचे कार्यक्रम थांबले. नियमामागील हेतू रास्त होता. पण दक्षिण मुंबईने रॉकचे आपले घर गमावले, हेही खरे.

११/ आणि त्याच २००० मध्ये मुंबईत ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ स्थापन झाला. संस्थापक साहिल मखिजा, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. रंगमंचावरील नाव ‘डिमनस्टीलर’. बँडचा पहिला अल्बम त्याच वर्षी आला आणि त्याचे नावही ‘डिमनस्टीलर’च. थोडक्यात, ज्या वर्षी आवाजाला कायद्याची चौकट मिळाली, त्याच वर्षी मुंबईतील अत्यंत कर्कश गणल्या जाणाऱ्या संगीताचा एक महत्त्वाचा बँड जन्माला आला.

१२/ बँडची शैली मिश्र. डेथ मेटलचा घोगरा गळा, ब्लॅक मेटलचा वेग आणि काळोख, आणि त्यावर कीबोर्डने उभे केलेले वाद्यवृंदाचे भव्य आवरण. नॉर्वे आणि इंग्लंडमधील बँडनी १९९० च्या दशकात हा मार्ग घडवला होता. मुंबईत तो चोखाळणे म्हणजे श्रोता, कंपनी, ध्वनितंत्रज्ञ, वितरक यांपैकी काहीही तयार नसताना पुढे जाणे. हिंदी चित्रपटगीतांवर पोसलेल्या बाजारात या संगीताला खणच नव्हता.

१३/ साहिलचे उत्तर व्यवहारी होते: नसेल ते स्वतः उभारायचे. ‘डिमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही प्रकाशनसंस्था त्याने काढली. बँडचा दुसरा अल्बम ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ २००५ मध्ये तिच्यातर्फे आला. बँडने ‘रिझरेक्शन’ नावाने मेटलचे कार्यक्रमही भरवले. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखक स्वतःचा छापखाना काढत, स्वतःच मासिक चालवत आणि स्वतःच वर्गणीदार गोळा करत. माध्यम वेगळे, पण परिस्थितीने शिकवलेला धडा तोच.

१४/ या काळात देशभरचे धागेही जुळत होते. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले, आणि १९९७ पासून ‘ग्रेट इंडियन रॉक’ महोत्सव. १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूत ‘आयर्न मेडन’चा कार्यक्रम झाला आणि भारतात मेटलचा श्रोता किती आहे, हे जगाला दिसले. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी २००८ मध्ये, त्या बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ मुंबईतून केला.

१५/ २०१० हे ‘डिमॉनिक रिझरेक्शन’साठी निर्णायक वर्ष. तिसरा अल्बम ‘द रिटर्न टू डार्कनेस’ आला आणि युरोपात तो ‘कँडललाइट रेकॉर्ड्स’ने काढला. नॉर्वेच्या ‘एम्परर’ या बँडला जगापुढे आणणारी ही इंग्रजी कंपनी. त्याच वर्षी बँडने ऑस्लोच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वादन केले, आणि ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात ‘ग्लोबल मेटल’ हा सन्मान मिळवला. ज्या नॉर्वेकडून शैली घेतली, त्याच नॉर्वेत जाऊन ती वाजवून दाखवली.

१६/ पुढे २०१२ मध्ये इंग्लंडचा ‘ब्लडस्टॉक’, २०१४ मध्ये जर्मनीचा ‘वाकेन’, आणि त्याच वर्षी चौथा अल्बम ‘द डिमन किंग’. बाहेरून पाहता यशाची चढती कमान. पण आतला प्रश्न तसाच होता. पहिल्या चार अल्बमांचे भावविश्व युरोपीय काळोखाचे होते: असुरराज, अंधार, सूडाची युद्धे. ऐकणाऱ्याला बँड मुंबईचा आहे हे सांगावे लागे. संगीतातून ते कळेलच असे नव्हते.

१७/ हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. मेटल जेथे जेथे गेले, तेथे काही काळाने तो उभा राहिला. स्वीडनच्या ‘बाथोरी’ने १९९० मध्ये नॉर्स पुराणकथांकडे मोर्चा वळवला. फिनलंडच्या ‘अमॉर्फिस’ने १९९४ मध्ये ‘कालेवाला’ या राष्ट्रीय महाकाव्यावर अल्बम बेतला. ब्राझीलच्या ‘सेपुल्तुरा’ने १९९६ च्या ‘रूट्स’साठी शावांते आदिवासींसह ध्वनिमुद्रण केले. सिंगापूरच्या ‘रुद्र’ने वेदान्त आणि संस्कृत यांना मेटलमध्ये स्थान दिले, त्यांची ‘ब्रह्मविद्या’ अल्बमत्रयी २००५ ते २०११ या काळातील. अनुकरण, प्रावीण्य आणि मग स्वतःच्या गोष्टीकडे परतणे, हा क्रम पुन्हापुन्हा दिसतो.

१८/ मुंबईतील इतर बँडनी वेगळी वाट शोधली. ‘भयानक मौत’ने नावच हिंदी भयपटासारखे घेतले. ‘स्क्राइब’च्या अल्बमांची नावे पाहा: ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४). हिंदी सिनेमाचे खलनायक थेट मेटलच्या मंचावर. ही विनोदाची वाट होती: परक्या कलेला आपल्या चेष्टेने आपलेसे करायचे. ‘दशावतार’ने निवडलेली वाट गंभीर होती, म्हणून अधिक निसरडीही.

१९/ येथे महाराष्ट्राचा इतिहास मदतीला येतो. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी मराठी रंगभूमीचे पहिले नाटक उभे केले: ‘सीतास्वयंवर’. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघरी गेली ती प्रामुख्याने देवादिकांची चित्रे. येथे नवे माध्यम आले की त्याची पहिली परीक्षा पुराणकथेवर होत असे.

२०/ त्याचे कारण भक्ती हे होतेच, पण तेवढेच नव्हते. कथा सर्वांना ठाऊक असली की प्रेक्षकाचे लक्ष ‘काय घडते’ यावरून ‘कसे दाखवले’ यावर जाते. फाळक्यांच्या प्रेक्षकाला हरिश्चंद्राची कथा कुणी समजावण्याची गरज नव्हती. तो पडद्यावरची हालचाल पाहायला आला होता. परिचित कथा ही अपरिचित माध्यमाची शिडी होती. मेटलने हा क्रम उलटा केला. मुंबईच्या या बँडने सतरा वर्षे माध्यमावर हात बसवला आणि मग पुराणकथेला हात घातला. कारण त्याचा पहिला श्रोता पुराणकथेसाठी आलेलाच नव्हता.

२१/ आता अल्बमकडे. क्रम असा: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी उपनाम. वामन ‘द ड्वार्फ’, परशुराम ‘द ॲक्स वील्डर’, कृष्ण ‘द काउहर्ड’, बुद्ध ‘द टीचर’, कल्की ‘द डिस्ट्रॉयर ऑफ फिल्थ’. ही उपनामे परदेशी श्रोत्यासाठी दारावरच्या पाटीसारखी आहेत. गाण्यांची भाषा इंग्रजी, संज्ञा संस्कृत.

२२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष नवव्या नावाशी अडखळायला हवे. दशावतारांची यादी सर्वत्र एकसारखी नाही. जयदेवाच्या ‘गीतगोविंद’मध्ये बलराम आणि बुद्ध दोघेही येतात, कारण तेथे कृष्ण हा अवतार नसून अवतार घेणारा मूळ पुरुष आहे. काही परंपरांत बुद्धाऐवजी बलराम. आणि महाराष्ट्रात काही जुन्या चित्रांत व शिल्पांत नवव्या स्थानी विठ्ठल दिसतो. यादी निवडणे म्हणजे परंपरांपैकी एक निवडणे. या अल्बमने प्रचलित, पाठ्यपुस्तकी यादी घेतली. मराठी मातीतील बँडने विठ्ठल निवडला असता तर? तो अल्बम अद्याप कुणी केलेला नाही.

२३/ बुद्धाला अवतार म्हणणे हा वादाचाही विषय आहे. बौद्ध धम्म ही कल्पना मान्य करत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक नेमकी हीच आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही. म्हणजे नवव्या गाण्याचे शीर्षक महाराष्ट्रात ऐकणारे दोन श्रोते ते दोन निरनिराळ्या इतिहासांतून ऐकतात. पुराणकथा निरुपद्रवी सजावट नसते. तिला हात लावला की इतिहासही हलतो.

२४/ दशावतार दाखवण्याची परंपरा महाराष्ट्रात प्राचीन आहे. वेरूळचे पंधरावे लेणे ‘दशावतार’ म्हणूनच ओळखले जाते. नावाप्रमाणे दहाही अवतार तेथे नाहीत, पण हिरण्यकशिपूवर झेपावणारा तेथील नरसिंह भारतीय शिल्पातील अत्यंत गतिमान प्रतिमांपैकी एक आहे. त्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे. शिल्पकाराने भिंतीवर नेमका तो क्षण पकडला, जेव्हा हिंसा आणि रक्षण वेगळे करता येत नाहीत. मेटलला ज्याची ओढ असते तो क्षणही हाच.

२५/ दुसरी परंपरा कोकणातील दशावतारी नाटकांची. जत्रेच्या रात्री देवळासमोर रंगणाऱ्या या खेळाच्या आडदशावतारात संकासुर येतो. काळा वेष, मालवणी बोली, वेद चोरणारा असुर. विष्णू त्याला मारतो, पण प्रेक्षकांचा लाडका संकासुरच. ‘असुराच्या नावाने ओळखला जाणारा बँड अवतारकथा कशी सांगणार’ या प्रश्नाचे उत्तर कोकणाने केव्हाच दिले आहे: अवतार उभा राहायला समोर असुर लागतो, आणि रंगमंच तापवायचे काम बहुधा तोच करतो.

२६/ असा अल्बम घडतो कसा? ‘ब्लॅक सॅबथ’ने एका दिवसात केले ते आधुनिक मेटलमध्ये शक्य नाही. प्रथम गाण्याचा वेग ठरवून मेट्रोनोमची टिकटिक बांधली जाते. त्यावर ड्रम. दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवायचा, मिनिटाला शेकडो ठोके, आणि एकही मागेपुढे नाही. मग तालगिटार: एकच वाक्य दोनदा किंवा चारदा वाजवून डावीउजवीकडे ठेवायचे, म्हणजे भिंत उभी राहते. पुढे बेस, एकल गिटार, कीबोर्ड आणि शेवटी गळा. प्रत्येक थर वेगळा मुद्रित होतो. लेण्याच्या उलट हे काम: तेथे दगड काढत जायचे, येथे ध्वनी चढवत जायचे.

२७/ गळ्याचे काम अनेकांना केवळ आरडाओरडा वाटते. प्रत्यक्षात ते श्वासाचे तंत्र आहे. पोटातून श्वास नियंत्रित करून स्वरयंत्राच्या वरच्या भागाचे कंपन वापरायचे. चुकीच्या पद्धतीने केले तर गळा बसतो. ‘डिमॉनिक रिझरेक्शन’मध्ये हा घोगरा गळा आणि मोकळा गाता गळा, दोन्ही साहिलचेच. म्हणजे एकाच गायकाला एका गाण्यात दोन पात्रे उभी करता येतात. कीर्तनकार एकटाच देव आणि दैत्य दोघांचे संवाद बोलतो, त्याची येथे आठवण व्हावी.

२८/ ‘दशावतार’वर साहिलसोबत निशित हेगडे (गिटार), अश्विन श्रियान (बेस) आणि वीरेंद्र कैथ (ड्रम) हे वादक होते. पूर्वीच्या युरोपीय वाद्यवृंदाच्या आवरणात आता भारतीय वाद्यांचे रंग मिसळले. हे मिश्रण कठीण असते. विकृत केलेल्या गिटारचा आवाज ध्वनिपटाचा मोठा भाग व्यापतो; त्यात सतार वा तबल्याचा नाजूक स्वर सहज बुडतो. म्हणून अशा संगीतात त्यांना बहुधा मोकळी जागा द्यावी लागते: आरंभी, मधल्या विरामात, वादळ थांबते तेव्हा.

२९/ प्रकाशनाचे जगही बदलले होते. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस, मुंबईच्या तीन पिढ्यांनी जेथे संगीत विकत घेतले ते दुकान, फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झाले. वर्षभराने ‘दशावतार’ आला तो ‘डिमनस्टीलर रेकॉर्ड्स’कडून, इंटरनेटच्या वाटेने. याचा एक परिणाम क्रांतिकारक होता: बदलापूरचा श्रोता आणि बर्मिंगहॅमचा श्रोता अल्बमपासून आता समान अंतरावर आले. दुसरा परिणाम कठोर: ऐकणे जवळजवळ फुकट झाले आणि अल्बम विकून खर्च भागवणे आणखी अवघड.

३०/ या अर्थकारणाकडे डोळेझाक करता येत नाही. साहिल मखिजा पुढे संगीताइतकाच ‘हेडबँगर्स किचन’ या यूट्यूबवरील पाककृतींच्या कार्यक्रमामुळेही जगभर ओळखला गेला. आंतरराष्ट्रीय सन्मान मिळवलेल्या बँडचा संस्थापकही केवळ बँडवर विसंबून राहू शकत नाही, हे भारतातील मेटलचे वास्तव. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास वाचणाऱ्याला हे नवे वाटणार नाही. तेथेही टाळ्यांचा हिशेब आणि पैशांचा हिशेब क्वचितच जुळला.

३१/ मग ‘दशावतार’ने बाहेरची कला आपली केली का? एक उत्तर हार्मोनियमचे. युरोपातून आलेले हे वाद्य नाट्यसंगीताचा आणि कीर्तनाचा आधार झाले, तरी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर त्याला बंदी होती. ‘हे आपले नव्हे’ असे म्हणणारे जाणकार होते आणि त्यांचे काही आक्षेप संगीतदृष्ट्या खरेही होते. निकाल मात्र समितीने लावला नाही. तो देवळाच्या सभामंडपात आणि नाटकाच्या पिटात, रोजच्या वापराने लागला.

३२/ त्या कसोटीवर ‘दशावतार’ अर्ध्या वाटेवर उभा आहे. कथा येथील, वाद्यांचे काही रंग येथील. भाषा मात्र इंग्रजी. तो जगाला भारताची ओळख देतो, पण बेंजोच्या तालावर वाढलेल्या अंबरनाथच्या मुलापर्यंत पोहोचायला त्याला आणखी एक पाऊल टाकावे लागेल. विष्णुदास भावे यांनी नाटक मराठीत केले, म्हणून ते राहिले. मेटलचे ते पाऊल कदाचित दुसराच एखादा बँड टाकील.

३३/ तरीही या अल्बमचे ऐतिहासिक मोल निश्चित आहे. कंपनी, बाजार आणि हक्काचा रंगमंच हाताशी नसताना मुंबईतील काही तरुणांनी परक्या कलेवर प्रभुत्व मिळवले, तिच्या जन्मभूमीत जाऊन ती सिद्ध केली, आणि त्यानंतर स्वतःच्या घरातील सर्वांत जुन्या कथेकडे वळले. त्या कथेतला दहावा अवतार अजून यायचा आहे. मराठी मेटलचेही तसेच म्हणता येईल.

(समाप्त)